९६.२ टक्के साम्य म्हणजे नेमकं किती अंतर? सार्स-कोव्ह-२ आणि आरएटीजी१३ यांच्या तुलनेचं प्रकरण

जानेवारी २०२० च्या अखेरीस वुहानमधल्या संशोधकांनी कोविडच्या नव्या विषाणूच्या, म्हणजे सार्स-कोव्ह-२ च्या, जीनोमशेजारी (संपूर्ण जनुकीय मजकुराशेजारी) वटवाघळातल्या एका विषाणूचा जीनोम ठेवला, आणि ९६.२ टक्के साम्य हा आकडा जगभर गेला. वटवाघळातला हा विषाणू म्हणजे आरएटीजी१३. ऱ्हायनोलोफस अ‍ॅफिनिस जातीच्या वटवाघळाचा तो नमुना २०१३ मध्ये चीनच्या युनान प्रांतात घेतलेला होता. आकडा एकच, पण त्याचे अर्थ दोन लागले. कुणी म्हणालं, चारच टक्के फरक, म्हणजे विषाणू जवळपास तोच. कुणी म्हणालं, माणूस आणि चिंपांझी यांच्या जुळणाऱ्या डीएनएत सव्वा टक्क्याच्या आसपास फरक आहे, मग चार टक्के म्हणजे केवढं तरी अंतर. दोघांनीही टक्केवारी हे मोजमापाचं एकक असल्यासारखं वापरलं. तसं ते नाही. कुठल्या जागा मोजल्या, गॅपचं (एका जीनोममध्ये असलेली अक्षरं दुसऱ्यात नसतात तिथल्या रिकाम्या जागेचं) काय केलं, एकाच जागी पुन्हा पुन्हा झालेले बदल कसे धरले आणि जीनोमचा कोणता तुकडा घेतला, हे सांगितल्याशिवाय ९६.२ ला फारसा अर्थ उरत नाही. हीच तुलना पहिल्यापासून करून बघू. वाटेत बनाल-५२ आणि आरएमवायएन०२ हे आणखी दोन वटवाघळी विषाणू लागतील, कारण खरी गोची त्यांच्यामुळे कळते.

फायली आणि त्यांची टोकं

सार्स-कोव्ह-२ चा संदर्भ जीनोम जेनबँक या सार्वजनिक डेटाबेसमध्ये एनसी_०४५५१२.२ या क्रमांकाने मिळतो. त्याची लांबी २९,९०३ न्यूक्लिओटाइड, म्हणजे अक्षरं, आहे. आरएटीजी१३ चा क्रमांक एमएन९९६५३२, लांबी २९,८५५. टिंबानंतरचा व्हर्जन क्रमांकही वहीत लिहून ठेवावा, कारण नोंदी दुरुस्त होत असतात. सहा महिन्यांनी तोच हिशोब केल्यावर दोन अक्षरांचा फरक निघाला, तर तो कुठून आला हे शोधण्यात दिवस जातो.

दोन्ही विषाणू आरएनएचे, पण डेटाबेसमध्ये यू च्या जागी टी लिहिलेला असतो. त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते टोकांमुळे. संदर्भ जीनोमच्या शेवटी तीसेक ए ची शेपटी आहे. ही पॉली-ए शेपटी वारशाने आलेली खूण म्हणून मोजायची नसते, आणि सिक्वेन्सिंगमध्ये ती किती लांब मिळाली हा बराचसा तंत्राचा भाग असतो. ती कापून टाकावी. सुरुवातीच्या, म्हणजे ५' टोकाची पहिली काही अक्षरंही पुष्कळ जीनोममध्ये अपुरी किंवा शंकास्पद असतात. दोन्ही फायलींत एन किती आहेत हे आधी मोजावं. एन म्हणजे वाचता न आलेलं अक्षर. काही प्रोग्रॅम एन ला फरक धरतात, काही तो स्तंभ वगळतात. हजारभर एन असलेला जीनोम पहिल्या प्रकारच्या प्रोग्रॅमला दिला, तर विषाणू सुखासुखी तीन टक्के लांब जातो.

एका जागी बारा अक्षरं

संपूर्ण जीनोमचं अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही ओळी जागेला जागा जुळवून मांडणं, मॅफ्ट या प्रोग्रॅमवर मिनिटाच्या आत होतं. बहुतेक ठिकाणी ते निर्विवाद असतं, कारण इतक्या जवळच्या जोडीत गॅप फार थोडे. एक गॅप मात्र सगळ्यांच्या ओळखीचा आहे आणि तो जवळून बघण्यासारखा आहे. स्पाइक प्रथिनाच्या दोन भागांमधल्या फ्युरिन छेदस्थानी (फ्युरिन हे विकर प्रथिन कापतं त्या जागी) सार्स-कोव्ह-२ मध्ये बारा न्यूक्लिओटाइड जास्त आहेत. तिथला तुकडा तीन-तीन अक्षरांच्या कोडॉनमध्ये लिहिला तर असा दिसतो :

सार्स-कोव्ह-२ : एएटी टीसीटी सीसीटी सीजीजी सीजीजी जीसीए सीजीटी एजीटी जीटीए जीसीटी

आरएटीजी१३ : एएटी टीसीए सीजीटी एजीटी जीटीजी जीसीसी

आता गॅप नेमका कुठे ठेवायचा? अक्षरांचं अलाइनमेंट करणारा प्रोग्रॅम तो टीसी आणि ए यांच्या मधे ठेवतो. मग डावीकडचं टीसी आणि उजवीकडचं एसीजीटी दोन्ही बाजूंना तंतोतंत जुळतं आणि त्या गॅपच्या दोन्ही कडांना एकही फरक निघत नाही. गॅप एक अक्षर डावीकडे सरकवला तरीही जुळणी तितकीच चोख राहते. कोडॉन धरून अलाइनमेंट केलं की चित्र बदलतं. गॅप सीसीटी सीजीजी सीजीजी जीसीए या चार पूर्ण कोडॉनवर बसतो, म्हणजे प्रोलीन, आर्जिनीन, आर्जिनीन, अ‍ॅलानीन. त्याच्या डावीकडे सेरीनचं टीसीटी समोरच्या टीसीए ला भिडतं आणि एक मूक फरक, म्हणजे अमायनो आम्ल न बदलणारा फरक, जन्माला येतो. तो फरक खरा की गॅप ठेवण्याच्या पद्धतीतून आलेला, हे नुसत्या या दोन ओळी बघून ठरत नाही.

एका अक्षराने संपूर्ण जीनोमच्या टक्क्यावर काही परिणाम होत नाही. बारा अक्षरांचा गॅप बारा फरक म्हणून मोजला तरी ०.०४ टक्केच. मात्र पहिल्या दशांश स्थळावरून दोन विषाणूंत वाद घालायचा असेल तर असे पाच-सहा निर्णय एकत्र येऊन आकडा हलवतात. याच जोडीसाठी ९६.१ आणि ९६.२ हे दोन्ही आकडे छापील सापडतात, त्याचं कारण इतकंच. गॅप म्हणजे बारा फरक, की एक घटना, की मोजणीबाहेर, हे आधी ठरवून लिहून ठेवावं. आमच्या मते अंतर काढताना गॅपचे स्तंभ वगळावेत आणि गॅपची यादी वेगळी द्यावी. बारा अक्षरं एका फटक्यात आलेली असू शकतात, त्यांना बारा स्वतंत्र म्यूटेशनच्या पंगतीत बसवणं चूक आहे.

ब्लास्ट या जुळणी शोधणाऱ्या प्रोग्रॅमचा टक्का वापरणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. ब्लास्ट गॅपचे स्तंभ छेदात धरतं आणि जे भाग नीट जुळत नाहीत ते गाळून टाकतं. आरएटीजी१३ सारख्या जवळच्या विषाणूत हे लक्षात येत नाही. मर्सच्या विषाणूशी, म्हणजे लांबच्या एका कोरोनाविषाणूशी, तुलना केली की मात्र थोडक्याच, चांगल्या जपलेल्या भागाचा टक्का छान चढा दिसतो. संपूर्ण जीनोमचं साम्य प्रत्यक्षात ५० टक्क्यांच्या आसपास आहे. टक्का आणि कव्हरेज (जीनोमचा किती भाग जुळवला गेला) नेहमी एका दमात वाचावेत.

कच्चा फरक आणि दुरुस्त केलेलं अंतर

९६.२ टक्के साम्य म्हणजे दर जागेमागे ०.०३८ फरक. संपूर्ण जीनोमवर हे अकराशेच्या थोडं वर जातं. हा कच्चा आकडा आहे, कारण एकाच जागी दोनदा बदल झाला असेल तर दिसतो एकच, आणि अक्षर फिरून मूळपदावर आलं असेल तर काहीच दिसत नाही. ज्यूक्स-कँटर हे सगळ्यात साधं सूत्र : कच्च्या फरकाला चार तृतीयांशाने गुणायचं, ते एकातून वजा करायचं, त्याचा नैसर्गिक लॉग घ्यायचा आणि उणे तीन चतुर्थांशाने गुणायचं. ०.०३८ चे ०.०३९ होतात. म्हणजे दुरुस्ती नगण्य.

सार्स-कोव्ह-२ आणि २००३ चा सार्स विषाणू यांच्यातलं साम्य ७९.६ टक्के, कच्चा फरक ०.२०४. दुरुस्तीनंतर ०.२३८. मर्सशी कच्चा फरक ०.५ धरला तर दुरुस्तीनंतर ०.८२, आणि तिथे सूत्रावर फारसा भरवसा ठेवू नये. या जीनोममध्ये टी सुमारे ३२ टक्के, ए ३०, जी २० आणि सी १८ टक्के आहे. अशा रचनेच्या, एकमेकांशी काहीही नातं नसलेल्या दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या तरी २६ टक्के अक्षरं नुसत्या योगायोगाने जुळतात. गॅप घालून जुळवायची मुभा दिली की त्याहूनही जास्त.

ज्यूक्स-कँटर सगळे बदल सारखेच संभवनीय धरतं. कोरोनाविषाणूंत तसं होत नाही. सी चा टी होण्याकडे ठळक कल दिसतो, आणि त्यामागे यजमानाच्या पेशीतल्या, आरएनएची अक्षरं बदलणाऱ्या विकरांचा हात असावा असं मानलं जातं. काही जागा त्यामुळे पुन्हा पुन्हा बदलतात आणि सूत्र तिथले लपलेले बदल कमी मोजतं. प्रत्येक प्रकारच्या बदलाला वेगळा वेग देणारं जीटीआर मॉडेल आणि जागेजागेच्या वेगातली विषमता धरणारा गॅमा, एवढं तरी वापरावं. वंशवृक्ष बांधणाऱ्या आयक्यू-ट्रीमध्ये मॉडेल निवडायचं काम प्रोग्रॅमच करतो.

चार टक्क्यांच्या आतले सतरा

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा २०२० मध्येच प्रसिद्ध झाला होता, पण ९६.२ च्या गाजावाजात तो मागे पडला. मूक जागांवर या दोन विषाणूंतलं अंतर ०.१७ आहे. म्हणजे जिथे बदल झाला तरी अमायनो आम्ल तेच राहतं, तिथे चार नव्हे, सतरा टक्के.

हे कसं होतं ते वरच्या तुकड्यातच दिसतं. व्हॅलीनसाठी एकीकडे जीटीए, दुसरीकडे जीटीजी. अ‍ॅलानीनसाठी एकीकडे जीसीटी, दुसरीकडे जीसीसी. प्रथिनाला यातलं काही कळत नाही. प्रथिन बदलणारे बहुतेक बदल विषाणूला मारक ठरतात आणि छाटले जातात, मूक बदल टिकून साठत जातात. प्रथिन बदलणारं अंतर आणि मूक अंतर यांचं गुणोत्तर या जोडीत ०.०५ च्याही खाली येतं, इतकी ही छाटणी कडक आहे.

ढोबळ ताळा करून बघता येतो. कोडिंग भागातल्या सुमारे चोवीस टक्के जागा मूक धरू. ०.१७ हे दुरुस्त केलेलं अंतर आहे, त्याचा कच्चा फरक ०.१५ च्या आसपास येतो. चोवीस टक्के गुणिले ०.१५ म्हणजे दर हजार जागांमागे छत्तीस फरक. प्रथिन बदलणाऱ्या फरकांची त्यात पाच-सहाची भर. एकूण चाळीस-बेचाळीस, म्हणजे चार टक्के. हिशोब जुळला. ९६.२ हा आकडा खोटा नाही. फक्त त्यात तीन चतुर्थांश जागा अशा मिसळल्या आहेत ज्यांना हलायची जवळपास मुभाच नव्हती, आणि त्यांनी सरासरी खाली ओढली आहे.

हे अंतर स्वतः काढायचं तर क्रम असा. प्रत्येक जनुक वेगळं कापायचं, प्रथिनात भाषांतरित करायचं, प्रथिनांचं अलाइनमेंट करायचं, मग पाल२नाल या प्रोग्रॅमने ते पुन्हा कोडॉनवर बसवायचं आणि पॅमल या प्रोग्रॅमसंचातल्या वायएन०० किंवा कोडएमएलला द्यायचं. कोडएमएलमध्ये जोडीजोडीने मोजण्यासाठी रनमोड उणे २ ठेवतात.

पहिली ठेच ओआरएफ१एबी या सगळ्यात लांब जनुकावर लागते. हे जनुक २६६ पासून २१,५५५ पर्यंत जातं, पण १३,४६८ व्या अक्षरावर रायबोझोम एक पाऊल मागे सरकतो आणि तेच अक्षर दोनदा वाचतो. सरळ एका दमात भाषांतर केलं की तिथून पुढे रिडिंग फ्रेम (तीन-तीन अक्षरांचे गट कुठून पाडायचे ते) चुकते आणि थोड्याच अंतरावर थांबा-कोडॉन लागतो. २६६ ते १३,४६८ हा ४,४०१ कोडॉनचा तुकडा आणि १३,४६८ ते २१,५५५ हा २,६९६ कोडॉनचा तुकडा जोडून घ्यावा. शेवटचा थांबा-कोडॉन वगळल्यावर ७,०९६ अमायनो आम्लं आली पाहिजेत. आरएटीजी१३ मधला जागेचा क्रमांक थोडा वेगळा येतो, तो संदर्भावरून नकलू नये.

मध्येच थांबा-कोडॉन आला की कोडएमएल अडतं, हे बरं. खरा घोळ तेव्हा होतो जेव्हा कुणी हाताने फ्रेम 'दुरुस्त' करतो, दोन्ही जीनोममध्ये ती सारखीच चुकते आणि प्रोग्रॅम निमूटपणे आकडा देतो. चुकीच्या फ्रेममध्ये मूक बदल प्रथिन बदलणारे दिसू लागतात आणि गुणोत्तर १ च्या दिशेने सरकतं. ओआरएफ१एबी साठी ०.०५ ऐवजी ०.५ निघाला, तर जीवशास्त्रातला शोध लागला असं समजण्याआधी फ्रेम तपासावी.

शिवाय सगळ्या मूक जागा खरोखर मूक नसतात. एन जनुकाच्या (वरच्या न वाचलेल्या एन अक्षराशी याचा संबंध नाही) आत वेगळ्या फ्रेममध्ये ओआरएफ९बी हे दुसरं जनुक बसलेलं आहे. तिथे एन च्या दृष्टीने मूक असलेला बदल शेजाऱ्याचं प्रथिन बदलू शकतो. फ्रेम सरकवणाऱ्या जागेजवळ आरएनएची घडीही अक्षरं बांधून ठेवते. म्हणून ०.१७ हाही खालच्या बाजूने झुकलेला अंदाज समजावा.

२००३ च्या सार्सशी हेच मोजमाप केलं तर मूक अंतर १ च्या आसपास पोचतं आणि पद्धत बदलली की आकडा मोठी उडी मारतो. याला संपृक्तता म्हणतात. सरासरीने प्रत्येक मूक जागा एकदा तरी बदलून गेल्यावर फूटपट्टी संपते. तिथे अमायनो आम्लांवर उतरावं.

सगळ्यात जवळचा कोण?

एवढ्या काळजीने काढलेलं अंतरसुद्धा एक गृहीत धरून चालतं, की संपूर्ण जीनोमचा वंशवृक्ष एकच आहे. सार्बेकोविषाणूंत, म्हणजे सार्सच्या गटातल्या कोरोनाविषाणूंत, ते खोटं आहे. एका वटवाघळाला दोन विषाणूंचा संसर्ग झाला की जीनोमची नक्कल करणारं यंत्र एका साच्यावरून दुसऱ्यावर उडी मारतं आणि मिश्र जीनोम तयार होतो. हे रिकॉम्बिनेशन या गटात नित्याचं आहे.

आरएमवायएन०२ घ्या. युनानमध्ये २०१९ साली ऱ्हायनोलोफस मलायनस वटवाघळात सापडलेला. संपूर्ण जीनोमचं साम्य ९३.३ टक्के, म्हणजे आरएटीजी१३ पेक्षा चांगलाच मागे. पण ओआरएफ१एबी मध्ये तो ९७.२ टक्के जुळतो आणि तिथे आरएटीजी१३ ला मागे टाकतो. ओआरएफ१एबी जीनोमच्या ७१ टक्के आहे. म्हणजे उरलेल्या २९ टक्क्यांत साम्य किती पडलं असेल? ९३.३ मधून ०.७१ गुणिले ९७.२ वजा केले आणि ०.२९ ने भागलं, तर ८४ च्या आसपास. त्यातही स्पाइकमध्ये ७२ टक्के. ९३.३ टक्के साम्य असलेला तुकडा या विषाणूत शोधायला गेलं तर मुश्किलीने सापडेल. ती दोन वेगळ्या वंशांची सरासरी आहे.

मग बनाल-५२. उत्तर लाओसमधला, हाही मलायनस वटवाघळातला. साम्य ९६.८ टक्के. तो जाहीर झाल्यावर आरएटीजी१३ चा पहिला क्रमांक गेला असं सगळीकडे लिहिलं गेलं. ९६.८ वजा ९६.२ म्हणजे ०.६ टक्का, सुमारे १८० अक्षरं. ही तफावत नुसत्या योगायोगाची नाही, २९,८५५ जागांवरच्या चार टक्के फरकाची प्रमाणित चूक ०.११ टक्क्याच्या आसपास येते. पण ती १८० अक्षरं जीनोमभर सारखी पसरलेली नाहीत. काही भागांत बनाल-५२ बराच जवळ आहे, आणि माणसाच्या पेशींवरच्या एसीई२ या ग्राहीला चिकटणारा स्पाइकचा भाग त्यातलाच. काही भागांत दुसरेच विषाणू पुढे आहेत.

हे बघायला सरकती खिडकी वापरतात. नेहमीची मापं ५०० अक्षरांची खिडकी आणि ५० अक्षरांचं पाऊल. सिमप्लॉट या प्रोग्रॅमच्या रंगीत रेषा बघून उड्या शोधण्याचा मोह होतो, तिथे जरा थांबावं. ५०० अक्षरांत चार टक्के म्हणजे २० फरक. २० ची स्वाभाविक हालचाल साडेचारची. म्हणजे काहीही घडलेलं नसताना रेषा ९४.३ ते ९७.७ टक्के या पट्ट्यात खुशाल नाचते. दोन रेषा एकमेकींना छेदल्या म्हणून तिथे रिकॉम्बिनेशन झालं असं नाही. खिडकी १,५०० ची केली तर हा पट्टा दोन्ही बाजूंना एकेक टक्क्याच्या आत येतो, पण लहान तुकडे हातचे जातात. खिडकीचा उपयोग संशय घेण्यापुरता. निकाल गार्ड किंवा आरडीपी या प्रोग्रॅमने तुकड्यांच्या सीमा काढून आणि प्रत्येक तुकड्याचा वेगळा वंशवृक्ष बांधून द्यावा. दोन तुकड्यांचे वृक्ष भक्कम आधाराने वेगळे शेजारी दाखवतात, तेव्हा रिकॉम्बिनेशन म्हणावं.

आणि वृक्षही कशावर बांधला हे विचारावंच लागतं. ग्वांगडोंगमधल्या खवले मांजरांत सापडलेल्या विषाणूचा ग्राहीला चिकटणारा भाग अमायनो आम्लांत सार्स-कोव्ह-२ शी ९७ टक्क्यांवर जुळतो. त्याच भागात आरएटीजी१३ ८९ टक्क्यांवरच आहे. साहजिकच खवले मांजराकडून तुकडा आला अशी चर्चा झाली. पण त्याच भागातल्या फक्त मूक जागांवर वृक्ष बांधला तर खवले मांजराचा विषाणू आपल्या नेहमीच्या, लांबच्या जागी परत जातो. एक तुकडा, दोन मोजमापं, दोन उत्तरं. अमायनो आम्लं निवडीच्या दाबाखाली स्वतंत्रपणे सारखी होऊ शकतात. मूक अक्षरांना तसं कारण नसतं. नातं शोधायचं असेल तर आम्ही मूक जागांचं ऐकू.

वर्षांचा हिशोब

शेवटी सगळ्यांना हवी असते ती तारीख. फारकत कधी झाली? साथीत मोजलेला सार्स-कोव्ह-२ चा वेग दर जागेमागे वर्षाला ०.०००८ च्या आसपास आहे, म्हणजे संपूर्ण जीनोममध्ये वर्षाला चोवीसेक बदल. अंतर ०.०३९ भागिले ०.०००८ म्हणजे ४८.७५ वर्षं. ही दोन्ही फांद्यांची मिळून वर्षं आहेत, कारण फारकतीनंतर दोन्ही विषाणू बदलत राहिले. शिवाय एक फांदी २०१९ ला संपते, दुसरी २०१३ ला. दोन्ही सालांच्या बेरजेतून, म्हणजे ४,०३२ मधून, ४८.७५ वजा करून दोनाने भागलं की १९९१-९२ येतं.

दोनाने भागायला विसरणं ही सगळ्यात सर्रास चूक. गंमत म्हणजे या प्रकरणात ती चूक केली तर साल १९७० च्या आसपास येतं आणि ते प्रसिद्ध झालेल्या नेटक्या अंदाजाच्या शेजारी जाऊन बसतं. चुकीचा हिशोब बरोबर उत्तराशी जुळला की तो पकडणं महाकठीण.

नेटका अंदाज २०२० चा. रिकॉम्बिनेशनमुक्त तीन वेगवेगळे भाग घेऊन सार्स-कोव्ह-२ आणि जवळचे वटवाघळी विषाणू यांची फारकत १९४८, १९६९ आणि १९८२ अशी तीन सालं निघाली. त्यांच्या मर्यादा अनुक्रमे १८७९ ते १९९९, १९३० ते २००० आणि १९४८ ते २००९. साध्या हिशोबापेक्षा ही सालं मागे का? साथीच्या काही महिन्यांत मोजलेल्या वेगात असे पुष्कळ बदल धरले जातात जे पुढे छाटले जाणार असतात. दशकांच्या मापाने तोच विषाणू हळू चालतो. वटवाघळी विषाणूंच्या नमुन्यांच्या तारखा इतक्या जवळजवळच्या आहेत की मुळापासून टोकापर्यंतच्या अंतराची तारखांशी रेषाच नीट बसत नाही, म्हणून वेग मर्स आणि ओसी४३ या दुसऱ्या कोरोनाविषाणूंच्या मोजमापांवरून उसना घ्यावा लागला. टेम्पएस्ट या प्रोग्रॅममध्ये ही रेषा आधी बघावी. उतार सापडत नसेल तर फारकतीची सालं काढणाऱ्या बीस्टला तारखा देऊन उत्तर मागण्यात अर्थ नाही. ते उत्तर देतंच, पण ते तुम्ही भरलेल्या पूर्वअंदाजाचंच प्रतिबिंब असतं.

मूक जागांवरून हिशोब केला तर वेगावरचं अवलंबन आणखी उघडं पडतं. ०.१७ अंतराला वर्षाला ०.००२ वेग लावला तर साल १९७३, ०.००१६ लावला तर १९६३, ०.००१ लावला तर १९३१. २०२१ मध्ये मूक बदलांवरून प्रसिद्ध झालेला अंदाज आरएटीजी१३ साठी सुमारे ५२ वर्षं होता, मर्यादा २८ ते ७५ वर्षं. आरएमवायएन०२ साठी, जवळच्या भागांवरून, ३७ वर्षं. आणि जीनोमचे लहान तुकडे करून, प्रत्येक तुकड्याला त्याचा जवळचा शेजारी दिला, तर काही तुकड्यांचे पूर्वज साथीआधीच्या दशकभरातलेही निघतात. या निष्कर्षांत भांडण नाही. प्रत्येकाने वेगळी फारकत मोजली आहे.

निकालाची नोंद

इतकं सगळं झाल्यावर निकाल एका टक्क्यात लिहू नये. या जोडीची नोंद अशी करता येते : संदर्भ एनसी_०४५५१२.२, तुलना एमएन९९६५३२, पॉली-ए कापलेली, गॅपचे स्तंभ वगळलेले. संपूर्ण जीनोमचं साम्य ९६.२ टक्के, स्पाइक जनुकाचं ९३.१ टक्के, मूक अंतर ०.१७, प्रथिन बदलणाऱ्या आणि मूक अंतराचं गुणोत्तर ०.०५ च्या खाली. फ्युरिन छेदस्थानी बारा अक्षरांचा एक गॅप, वेगळा नोंदवलेला. फारकतीचं साल तुकडानिहाय आणि मर्यादांसह.

यातला कुठलाही आकडा जात ठरवायला उपयोगी नाही, हेही त्याच पानावर लिहावं. विषाणूंचं वर्गीकरण करणारी आंतरराष्ट्रीय समिती त्यासाठी नक्कल यंत्रणेतल्या जपलेल्या प्रथिनभागांची अमायनो आम्लं बघते. त्या कसोटीवर सार्स-कोव्ह-२, आरएटीजी१३ आणि ७९.६ टक्क्यांवरचा २००३ चा सार्स विषाणू हे तिन्ही एकाच जातीत बसतात. नवा वटवाघळी जीनोम जाहीर झाला की संपूर्ण जीनोमचा टक्का सगळ्यात शेवटी काढावा. आधी तुकड्यांच्या सीमा पुन्हा तपासाव्यात, कारण एका नव्या शेजाऱ्याने जुन्या सीमाही हलतात.